खाली वांगी, वर हळदी

मामांचं धोतर जांभळं झालं आणि त्याचा ठपका आमच्या साबणावर आला, तिथून हे प्रकरण सुरू झालं.

मामा म्हणजे अम्माचे, माझ्या आईचे, चुलतभाऊ. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनाला झांजा घेऊन पुढे बसतात ते. निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत, आणि कपडे असे पांढरे की बगळ्यानेही शेजारी बसताना विचार करावा. त्या एकादशीला भजन आटोपून ते थेट आमच्याकडे आले आणि ओसरीवरच उभे राहिले. धोतर आणि उपरणं दोन्ही फिकट जांभळी, त्यात मधे मधे गडद ढग.

"भाऊजी," ते अप्पांना म्हणाले, "तुमचा साबण मज काय करून ठेवला बघा."

अप्पा खुर्चीतून उठले. "आमचा साबण रंग सोडत नाही. माझ्या बापाच्या काळापासून कधी सोडला नाही."

"सोडला. आणि ते एक वेळ चालेल. भजनात तिघे येऊन म्हणाले, मामा, नवा रंग शोभतो. एकाने दुकानाचा पत्ता विचारला!"

मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायला आत गेले. अम्मा आत आधीच पदर तोंडात धरून उभी होती.

थोडं आमच्याविषयी सांगायला हवं. आमचा कुंभकोणमच्या मेलकावेरीत कपडे धुण्याच्या साबणाचा छोटा कारखाना आहे. माझ्या आजोबांनी काढला, अप्पांनी चालवला, आता अप्पा आणि मी मिळून चालवतो. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, दाराबाहेर तमिळ. ही आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघाली ती परत गेलीच नाही. मी पुण्यात सहा वर्षं नोकरीला होते तेव्हा माझं बोलणं ऐकून ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, "तू पोथी वाचतेस का बोलतेस?" तिथे मी त्यांची मराठी शिकले. हे लिहिते आहे ती तीच. घरात अशी बोलले तर आत्या विचारते, "पाहुणे आलेत का?"

आमच्या साबणाची वडी दोन रंगांची. खाली जांभळा थर, वर पिवळा. वेष्टन पारदर्शक, कारण पूर्वी वड्या उघड्याच विकल्या जायच्या आणि लोकांना रंग दिसायची सवय होती. साबणाला नाव आहे, पण ते एका देवाचं आहे आणि आमच्या जिल्ह्यात त्या देवाच्या नावाने भांड्यांची दुकानं, लॉज, गिरण्या आणि दोन दवाखाने आहेत. नाव घेऊन साबण कुणीच मागत नाही. दुकानात जाऊन लोक म्हणतात, "तो दोन रंगांचा द्या."

तर अप्पांनी मामांना विचारलं, "उरलेली वडी आहे का?"

मामा शिक्षक असल्यामुळे पुरावा घेऊनच आले होते. पिशवीतून कागदात गुंडाळलेली अर्धी वडी निघाली. खाली जांभळा, वर पिवळा. अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली, खिडकीपाशी नेली, आणि त्यांचा चेहरा पडला. वडी आमचीच दिसत होती. मग त्यांनी नखाने एक कपचा काढला आणि जिभेच्या टोकाला लावला. साबण करणारी माणसं सोडा जास्त झाला का ते असंच बघतात. दुसऱ्या क्षणी ते मोरीकडे धावले, चूळ भरली आणि तिथूनच ओरडले, "हा आमचा नव्हे! जीभ भाजली माझी!"

एवढा आनंद झालेला मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मामांनी ती वडी चोळपुरम्‌ला भाचीकडे गेले असताना तिथल्या दुकानातून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली आणि चोळपुरम्‌ गाठलं. दुकान सापडायला वेळ लागला नाही. समोरच्या फळीवर वड्यांची रास होती. लांबून बघून मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं, जवळ गेल्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत भलतंच नाव दिसलं.

मी दुकानदाराला विचारलं, "हा कुंभकोणमचाच ना?"

"तोच," तो म्हणाला. "म्हणजे त्यांच्या घरचाच. कारखान्याच्या मालकाच्या जावयाने इथे वेगळा काढलाय."

"जावयाने?"

"हो. त्यांना एकच मुलगी आहे ना, तिचा नवरा."

अप्पांना एकच मुलगी आहे हे खरं आहे. ती मी. माझं लग्न झालेलं नाही. चाळिशी उलटून गेली, आता तो विषय घरात कुणी काढतही नाही, आणि इथे चोळपुरम्‌च्या बाजारात माझा नवरा साबण करत होता.

"कसा आहे माणूस?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"चांगला आहे. कष्टाळू. दर मंगळवारी स्वतः माल घेऊन येतो."

मी चार वड्या घेतल्या आणि घरी आले. जेवायला बसल्यावर सगळं सांगितलं. अप्पा संतापले. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, जी आमच्याकडेच असते आणि जिला ऐकायला थोडं कमी येतं, तिने हात धुता धुता विचारलं, "मग करतो काय तो?"

"कोण?"

"जावई."

"आत्या, जावई नाहीच आहे! त्याने लोकांना खोटं सांगितलंय."

"अस्के म्हणतात म्हणजे काहीतरी असेल," आत्या म्हणाली. आमच्यात अस्के म्हणजे सगळे. "स्वतःचा कारखाना आहे, कष्टाळू आहे. बघून तरी घ्या."

त्यानंतरच्या पंधरवड्यात आणखी तक्रारी आल्या. एका शाळेच्या वसतिगृहातले गणवेश, एका नव्या नवरदेवाचा शर्ट. माणसं चिडून आमच्याच दारात यायची, कारण वेष्टनावरचं बारीक नाव कुणी वाचलंच नव्हतं. त्यांनी रंग पाहिले होते. अप्पा प्रत्येकाला वडी जिभेला लावून दाखवायचे. शेवटी जीभ सोलवटून निघाली आणि त्यांना तीन दिवस ताक-भातावर काढावे लागले, तेव्हा मी वकील शोधला.

वकील म्हणजे चेन्नईतली एक तिशीतली बाई, ट्रेडमार्कचंच काम करणारी. अप्पा तिला पहिल्यापासून वकीलअम्मा म्हणायला लागले. व्हिडिओ कॉलवर तिने दोन्ही वड्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या आणि म्हणाली, "डावी तुमची?"

"उजवी," अप्पा दुखावल्या स्वरात म्हणाले.

"हेच तर," ती म्हणाली. "नाव त्याने घेतलेलं नाही, म्हणून नावावरून त्याला धरता येणार नाही. त्याने घेतलेत रंग. आपल्या कायद्यात रंगांच्या जोडीलाही ट्रेडमार्क मिळतो. पण एक अट आहे. हे रंग बघितले की लोकांना तुमचाच कारखाना आठवतो, हे दाखवावं लागेल. रंग नुसते छान दिसतात म्हणून कुणाच्या मालकीचे होत नाहीत."

"म्हणजे आम्ही अर्ज केला तर जांभळा आमचा?" अप्पांनी विचारलं.

"नाही. जांभळा कुणाचाच नाही, पिवळा कुणाचाच नाही. खाली जांभळा आणि वर पिवळा, अर्धा-अर्धा, कपडे धुण्याच्या वडीवर, एवढंच तुमचं. आता मला दोन गोष्टी पाठवा. जुना पुरावा आणि रंगांची नेमकी नावं."

जुना पुरावा माळ्यावर निघाला. आजोबांच्या वेळच्या जत्रेतला एक फोटो, ज्यात वड्यांचा मनोरा आहे पण फोटोच काळा-पांढरा. जुन्या दिनदर्शिकांवर आम्ही दिलेल्या जाहिराती. आत्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांत वासासाठी ठेवलेली एक जुनाट वडी, जिच्यासाठी तिने पावती मागितली.

रंगांची नावं मात्र निघेनात.

"वांगी," अप्पा म्हणाले. "त्यात विचारायचं काय? आमच्या बापाने रंगाच्या डब्यावर वांगी असंच लिहून ठेवलेलं होतं."

"वांगं कुठे असं असतं?" अम्मा म्हणाली. "हा जांभळाचा रंग आहे. पिकलेल्या जांभळाचा."

आत्याने चष्मा लावला, वडी हातात घेतली आणि निकाल दिला. "कांदा."

"कांदा?"

"लहान कांद्याची साल. सांबारातला."

कारखान्यातल्या बायका तमिळमध्ये त्याला कत्तरिप्पू म्हणतात, वांग्याचं फूल. मी मुकाट्याने 'जांभळा' लिहायला गेले तर अम्मा विजयी मुद्रेने अप्पांकडे बघायला लागली. 'वांगी' लिहिलं असतं तर आत्या जेवली नसती. शेवटी वकीलअम्माने रंगांच्या छापील पट्ट्यांचं पुस्तक मागवायला सांगितलं, ज्यात प्रत्येक छटेला एक आकडा असतो. ते घेऊन आम्ही अंगणात उन्हात बसलो. आमच्या वडीचा जांभळा एका पट्टीशी जुळला, पण त्याच घाण्यातल्या दुसऱ्या वडीचा तिच्या शेजारच्या पट्टीशी. मग ध्यानात आलं की आम्ही इतकी वर्षं रंग अंदाजाने टाकत होतो. थरही तसेच. मी पट्टी घेऊन वड्या मोजत सुटले. कुठे वांगी जास्त, कुठे हळदी. एका वडीवर तर पिवळा इतका पातळ होता की अप्पा म्हणाले, "ही सोमवारची असणार," आणि कारखान्यात जाऊन त्यांनी ओतण्याच्या प्रत्येक चौकटीवर आतून खूण करून घेतली. दुसऱ्यावर दावा लावायला निघालेल्या माणसाला आधी स्वतःच स्वतःसारखं व्हावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मग गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं. प्रत्येकाने सांगायचं की मी अमुक वर्षं हा साबण वापरतो आणि रंगांवरून ओळखतो. अप्पांचं म्हणणं, पहिलं प्रतिज्ञापत्र तिरुनीलक्कुडीच्या एका आजींचं हवं. त्या आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. मी आणि अप्पा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ताक दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "रंग? मला मोतीबिंदू आहे रे. रंग कुठे दिसतो? मी वासावरून ओळखते."

"पण दुकानात कशी मागता?" मी आशेने विचारलं.

"मागायची कशाला? तो मला बघितला की देतो."

अप्पांनी तेही प्रतिज्ञापत्र करून घेतलं. वकीलअम्माने ते वाचून फोन केला, "सर, हे आपल्या विरुद्ध जातं." अप्पा म्हणाले, "असू दे. त्या बाई खोटं बोलत नाहीत." ते आम्ही पाठवलं नाही, पण अप्पांनी ते नीट फाईलला लावून ठेवलं आहे.

बाकीची मात्र चांगली मिळाली. इस्त्रीवाला, वसतिगृहाच्या मॅडम, तीन दुकानदार, मामा. मामांनी तर दोन पानांचा मजकूर स्वतः लिहून आणला, त्यात भजनातल्या अपमानाचं सविस्तर वर्णन होतं. त्यातली एक ओळ घेतली.

अर्ज गेला आणि काही महिन्यांनी त्यावर हरकत आली. ट्रेडमार्क कार्यालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की साबणाला रंग सगळेच देतात, शोभेसाठी देतात, त्यात तुमचं वेगळं काय? शिवाय पिवळा रंग लिंबाचा गुण दाखवण्यासाठी असावा. सुनावणी व्हिडिओवर ठरली.

"सर, बोलणार मी," वकीलअम्माने अप्पांना बजावलं. "तुम्ही फक्त बसायचं. थेट तुम्हाला विचारलं तरच उत्तर, आणि एका वाक्यात."

अप्पा नवीन शर्ट घालून, कपाळाला गोपीचंदन लावून, समोर वडी ठेवून बसले. मी शेजारी. पडद्यावर एक अधिकारी, थकलेले पण सभ्य. वकीलअम्मा छान बोलली. जुन्या जाहिराती, प्रतिज्ञापत्रं, दुकानदारांचं बोलणं. अधिकारी ऐकत होते, मग म्हणाले, "ते ठीक. पण पिवळा का? अर्जदार इथे आहेत का? हा पिवळा लिंबासाठीच ना?"

अप्पांनी घसा साफ केला आणि मला कळलं की एका वाक्यात काही संपत नाही.

"सर, खरं सांगतो. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा लिंबाचा साबणच काढला होता."

पडद्याच्या कोपऱ्यात वकीलअम्माने डोळे मिटले.

"म्हणजे पिवळा लिंबाचाच," अधिकारी म्हणाले.

"नाही सर. त्यात लिंबू नव्हतं. लोकांना ते कळलं म्हणून तो चालला नाही. पिवळा रंग मात्र डबाभर उरला. मग वडिलांनी सगळा वांगी रंगाचा साबण करायचं ठरवलं. चौकट अर्धी भरली आणि वांगी रंग संपला. दुकानं बंद. साबण थांबत नाही सर, घट्ट होतो. म्हणून उरलेल्या साबणात उरलेला पिवळा घातला आणि वरून ओतला."

"म्हणजे या रंगांना तसा काही अर्थ नाही?"

"काहीही नाही सर," अप्पा अगदी अपराधी आवाजात म्हणाले. "वासाचा संबंध नाही, मळाचा नाही. एक संपला आणि एक उरला, एवढंच."

"मग तसंच का चालू ठेवलं?"

"पुढच्या आठवड्यात दुकानदार आला आणि म्हणाला, तो दोन रंगांचा द्या."

अधिकारी हसले. मग त्यांनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. सुनावणी संपल्यावर अप्पा रडवेले झाले होते. "माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले. "वकीलअम्मा, मज माफ करा." आणि मग लक्षात आलं की आपण घरची मराठी बोललो, म्हणून तमिळमध्ये पुन्हा माफी मागितली.

वकीलअम्मा मात्र खुर्चीत मागे रेलून हसत होती. "सर, तुम्ही काय केलंत ठाऊक आहे? रंगांनी मालाचा गुण सांगितला असता तर हक्क मिळणं अवघड होतं. गुण सांगणारा रंग सगळ्यांना वापरू द्यावा लागतो. तुम्ही सांगितलंत की रंगांना काहीच अर्थ नाही. म्हणजे ते फक्त तुमची ओळख सांगतात. मी तासभर हेच म्हणत होते, पण माझ्या तोंडून ते वकिली वाटत होतं."

आठवड्याभरात हरकत मागे घेतल्याचं कळलं. अर्ज जाहीर झाला. आता चार महिने कुणाला विरोध करायचा असेल तर करता येणार होता. त्याच सुमाराला वकीलअम्माने चोळपुरम्‌च्या त्या माणसाला नोटीस पाठवली: हे रंग थांबवा, आणि आमच्या घराशी नातं सांगणं थांबवा.

तो स्वतःच आला. मंगळवार होता. फाटकापाशी मोपेड थांबली आणि पन्नाशीचा, किडकिडीत, केस विंचरलेला एक माणूस नोटीस हातात धरून उभा राहिला. मी पुढे गेले.

"कारखान्याच्या ऐयांना भेटायचं होतं," तो म्हणाला. "मी चोळपुरम्‌हून आलोय. आपण कोण, अक्का?"

"मी त्यांची मुलगी," मी म्हटलं. "एकुलती एक."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खरा उतरला, त्याच्या साबणासारखा. मी दार उघडून बाजूला झाले.

"या ना," मी म्हटलं. "सासरे आत आहेत."

बिचारा चपला काढायला वाकला तो वर येईचना. मला तिथपर्यंत खूप राग होता, इतके महिने मनात भाषणं तयार करत होते, आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बघून ती सगळी विसरले.

आत आल्यावर तो खुर्चीच्या टोकाला बसला. तो पूर्वी भाताच्या गिरणीत यंत्रं सांभाळायचा. गिरणी बंद झाली. बायकोच्या भावाकडून साबण करायला शिकला. वर्षभर पांढऱ्या वड्या केल्या, कुणी हात लावला नाही.

"मग तुमच्यासारखे रंग दिले, ऐया, आणि दुकानदार मला फोन करायला लागले. जावई आहे असं मी म्हणालो नाही. एका दुकानदाराने विचारलं, त्यांच्याच घरचे का? मी फक्त हसलो. पुढचं त्याने ठरवलं."

"हसलात कशाला?" अप्पांनी विचारलं.

"बरं वाटलं, ऐया."

मग तो नोटीस पुढे करून जरा धीटपणे म्हणाला, "पण मला एक कळत नाही. माझ्या शेतात वांगी येतात. हाच रंग. उद्या तीही काढून टाकू का?"

"वांगी हवी तेवढी लावा," अप्पा म्हणाले. "फक्त त्यांच्यावर हळद ओतू नका." आणि स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की वातावरणच बदललं. थोड्या वेळाने मी आत डोकावले तर दोघे साबणावर बोलत होते. अप्पा त्याला सांगत होते की कापड रंगवायचा रंग साबणात घालायचा नसतो, तो धुताना कपड्यात बसतो. सोड्यात टिकणारा वेगळा रंग मिळतो, आणि सोडा मोजून घालायचा, जीभ असली तरी. तो वहीत लिहून घेत होता. अम्मा कॉफी घेऊन गेली. आत्या दाराआडून त्याला नीट न्याहाळत होती.

तो गेल्यावर ती म्हणाली, "लग्न झालंय ना त्याचं?"

"झालंय, आत्या. दोन मुली आहेत."

"मग जाऊ दे."

त्याने लिहून दिलं की रंग बदलतो आणि नातं सांगणार नाही. उरलेला माल संपवायला त्याला एक महिना दिला. वकीलअम्मा पंधरा दिवस म्हणत होती, महिना अप्पांनी दिला. नवे रंग कोणते घ्यावेत म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा आमचं अख्खं घर त्यात पडलं. अम्माला गुलाबी हवा होता, मामांनी केशरी सुचवला आणि मग स्वतःच्या धोतरांचा विचार करून मागे घेतला. शेवटी पोपटी आणि पांढरा ठरला, आडवे थर नव्हे तर मधोमध उभी पट्टी, कारण आडवं आमचं. ती उभी पट्टी ओतायची कशी यावर अप्पा आणि तो एक अख्खी दुपार कारखान्यात पत्र्याचे तुकडे वाकवत बसले होते. वकीलअम्माला हे कळलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, "सर, नोटीस आपणच पाठवली होती ना?"

विरोध कुणी केला नाही आणि यथावकाश प्रमाणपत्र आलं. त्यावर रंगांची नावं नाहीत, आकडे आहेत, त्यामुळे घरात कुणीच हरलं नाही. अप्पांनी ते चौकटीत बसवून कारखान्यात लावलं. कामावरच्या बायकांनी एकदा वर बघितलं आणि वड्या कापायला लागल्या. मला वाटलं होतं त्या दिवशी मला काहीतरी मोठं वाटेल. तसं वाटलं नाही. हलकं वाटलं, एवढं खरं. दारात आता कुणी जांभळा शर्ट घेऊन येणार नव्हतं.

मागच्या महिन्यात मी बाजारातून येताना पोपटी पट्टीच्या दोन वड्या विकत आणल्या. बघावं म्हणून. अप्पांना दाखवल्या नाहीत, मागच्या मोरीवर अम्माला दिल्या. तिने एक उशीचा अभ्रा घासला, दोनदा खळबळला, उन्हाकडे धरून पाहिला आणि वासही घेतला.

"बरा आहे," ती हळूच म्हणाली. "फेस आपल्यापेक्षा जास्त आहे. अप्पांना सांगू नक्को."

आणि उरलेली वडी तिने डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली.